पक्ष न काढता जमलेले अपक्ष

अपक्ष म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतो तो तिकीट न मिळालेला बंडखोर. 1995 च्या महाराष्ट्र विधानसभेत 45 अपक्ष निवडून आले होते. त्यांतले बरेच मूळचे काँग्रेसवाले, आणि 138 वर अडकलेल्या युतीचं सरकार उभं राहिलं ते अपक्षांच्याच टेकूवर. ऑस्ट्रेलियातल्या अपक्षांची गोष्ट निराळी आहे. तिथे एका बाजूला मजूर पक्ष, दुसऱ्या बाजूला लिबरल आणि नॅशनल पक्षांची जुनी युती. सत्ता कायम या दोघांतच फिरणार, असं गृहीतच धरलेलं.

या गोष्टीची सुरुवात 1918 पासून करावी लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात स्वान मतदारसंघाची पोटनिवडणूक होती. मजूर पक्षाच्या विरोधातली मतं नॅशनलिस्ट आणि शेतकऱ्यांचा कंट्री पक्ष यांच्यात फुटली आणि 22 वर्षांचा एडविन कॉर्बॉय जेमतेम 34 टक्के मतांवर निवडून आला. मजूर पक्षाचा! सत्ताधारी नॅशनलिस्ट हादरले आणि त्याच वर्षी पसंतीक्रमाची पद्धत कायद्यात आली. मतपत्रिकेवर एका नावापुढे खूण करायची नाही, सगळ्या नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे घालायचे. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीच्या नावाकडे जातात. म्हणजे आपल्याकडे अपक्षाला ‘मतं खाणारा’ म्हणतात, तो प्रश्नच तिथे उरत नाही. प्रस्थापितांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेली ही तजवीज शंभर वर्षांनी त्यांच्याच अंगाशी आली.

मधल्या काळात अपक्ष होते, पण एकांडे. टेड मॅक हे त्यांतले सगळ्यात लोभस नाव. नॉर्थ सिडनीचे महापौर, मग राज्यात आमदार. पेन्शन लागू व्हायला काही दिवस उरले असताना 1988 मध्ये त्यांनी आमदारकी सोडली, आणि पुढे 1990 ते 1996 खासदार राहिले. 2010 मध्ये दोन्ही बाजू 76 च्या बहुमताच्या अलीकडे थांबल्या, तेव्हा टोनी विंडसर आणि रॉब ओकशॉट या दोन अपक्षांनी सतरा दिवसांच्या वाटाघाटींनंतर मजूर पक्षाच्या ज्युलिया गिलार्ड यांना सरकार दिलं. पण ती दोघांची किमया होती. त्यातून पुढे काही रुजलं नाही.

रुजलं ते इंडीमध्ये. व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येला वँगरॅटा, वोडोंगा, बेनाला ही गावं असलेला हा ग्रामीण मतदारसंघ. लिबरल पक्षाचा इतका हक्काचा, की तिकडे लक्ष द्यायची गरज कुणालाच वाटत नव्हती. मेलबर्नला शिकायला-नोकरीला गेलेल्या इथल्या तरुण मुलांनी गावच्या मोठ्यांना टोचलं आणि 2012 मध्ये ‘व्हॉइसेस फॉर इंडी’ हा गट उभा राहिला. त्यांनी उमेदवार आधी शोधला नाही. घराघरांत, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आठ-दहा जणांना बसवून विचारलं, तुम्हाला कसा प्रतिनिधी हवा? काय म्हणाले ते लिहून घेतलं. भाषण नाही, वाद नाही. यजमानाने फक्त ऐकायचं. मग कॅथी मॅकगोवन उभ्या राहिल्या आणि गावोगाव नारिंगी टी-शर्ट दिसू लागले.

2013 ची मतमोजणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या पसंतीत लिबरल खासदार सोफी मिराबेला यांना सुमारे 45 टक्के, मॅकगोवन यांना 31. आपल्याकडे तिथेच गुलाल उधळला असता. पण बाद झालेल्यांची मतं सरकत सरकत मॅकगोवन यांच्याकडे आली आणि त्या 439 मतांनी जिंकल्या. 2019 मध्ये त्या थांबल्या, तर त्यांच्या जागी हेलन हेन्स या दुसऱ्या अपक्षच आल्या. संघीय संसदेत अपक्षाची जागा अपक्षाने राखण्याची ती पहिलीच वेळ.

इंडीने आपली रीत लपवून ठेवली नाही, इतरांना शिकवली. 2019 मध्ये वॉरिंगामध्ये माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांना स्कीइंगपटू झाली (Zali) स्टेगल यांनी पाडलं. त्याच वर्षी सायमन होम्स आ कोर्ट यांनी हवामानाच्या मुद्द्यावर निधी जमवणारी ‘क्लायमेट 200’ ही संस्था काढली. 2022 मध्ये शहरी, सुखवस्तू मतदारसंघांतून आणखी सहा जणी जिंकल्या. त्यांच्या प्रचाराच्या निळसर-हिरव्या रंगावरून त्यांना ‘टील’ म्हणू लागले. मोनिक रायन यांनी अर्थमंत्री जॉश फ्रायडनबर्ग यांना हरवलं ते कुयाँगमध्ये, लिबरल पक्षाचे संस्थापक मेन्झीस यांच्या जागेवर. दोन्ही प्रमुख गटांची पहिल्या पसंतीची मतं मिळून 68 टक्क्यांच्या आसपास उतरली. तरीही या सहा जणींचा पक्ष नव्हता, प्रतोद नव्हता. संसदेत ज्या-त्या आपल्या मनाने मत देत. विरोधकांना हे ढोंग वाटतं. पैसा एका झऱ्याचा, सल्लागार तेच, मग पक्ष म्हणायला लाज कसली, असं ते विचारतात. प्रश्न अगदीच पोकळ नाही.

2025 मध्ये मजूर पक्षाने 150 पैकी 94 जागा घेतल्या, तरी अपक्ष दहाच राहिले. गोल्डस्टीनची जागा त्यांच्या हातून गेली; ब्रॅडफील्डची 26 मतांनी आली. त्या निवडणुकीआधीच, फेब्रुवारीत, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या मजूर आणि लिबरल पक्षांनी मिळून खर्चमर्यादेचा कायदा संमत केला होता: एका मतदारसंघात उमेदवारामागे आठ लाख डॉलर, आणि देशभरच्या प्रचारासाठी पक्षाला नऊ कोटी. अपक्षाला अर्थातच ही दुसरी थैली नाही.