ॲलर्जी, वावडं आणि पित्त

‘ॲलर्जी’ हा शब्द 1906 साली व्हिएन्नातल्या एका बालरोगतज्ज्ञानं घडवला. घटसर्प झालेल्या मुलांना तेव्हा घोड्याच्या रक्तातलं सिरम टोचत. काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी व्हायची. पुढं कधी तेच सिरम पुन्हा टोचलं, तर हा त्रास फार लवकर उसळायचा. शरीराचं वागणं बदललं होतं, आणि त्या बदलाला त्यानं नाव दिलं. बदल चांगला की वाईट, हे त्या नावात नव्हतंच. एकदा देवी येऊन गेल्यावर पुन्हा न येणं, हेसुद्धा त्यात बसत होतं.

तो अर्थ टिकला नाही, आणि घोळ तिथंच सुरू झाला असं मला वाटतं. संरक्षणाची बाजू गळाली, अपायाची उरली. मराठीत तर शब्द आणखी सैलावला. दूध पचलं नाही तरी ॲलर्जी, अभ्यास नको असला तरी ॲलर्जी! दूध न पचण्यामागं बहुतेकदा लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर पचवणारं विकर, कमी पडणं असतं. प्रतिकारयंत्रणेचा त्यात हात नाही. ‘वावडं’ आपल्याकडं होतंच, पण ते नियमांचंही असतं. उलट अंगावर गांधी उठल्या की ती काही वेळा खरी ॲलर्जी असते, आणि आपण तिला ‘पित्त’ म्हणून आमसुलाचं पाणी लावत बसतो.

ॲलर्जीमागचा रक्तातला नेमका घटक 1966-67 मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या दोन गटांनी वेगवेगळा शोधला: आयजीई. ही प्रतिपिंडं त्वचेत, श्वासमार्गात असणाऱ्या मास्ट पेशींवर चिकटून असतात. ओळखीचा पदार्थ पुन्हा आला की पेशी हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन ओतते. मग चाचण्या आल्या, आणि नवा घोळ. आयजीई सापडलं म्हणजे शरीरानं ओळख ठेवली एवढंच. खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. तरी नुसता रिपोर्ट बघून अंडी, मासे बंद होतात.

शेंगदाण्याच्या बाबतीत तर रिपोर्टाचीही वाट पाहिली नाही. 2000 साली अमेरिकेत सल्ला निघाला, की धोका असलेल्या बाळांना तिसऱ्या वर्षापर्यंत दाणे देऊ नयेत. 2008 मध्ये तो मागं घेतला. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या 640 बाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सुरुवातीला दाण्याची त्वचाचाचणी निगेटिव्ह असलेल्यांपैकी दाणे टाळणाऱ्या 13.7 टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, नियमित खाणाऱ्यांत 1.9 टक्क्यांना. खाऊनही शरीराचं वागणं बदलतं. 1906 च्या व्याख्येनं यालाही ॲलर्जीच म्हटलं असतं.