क्वार्टरबॅक आणि चाहत्यांचा कौल

क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. रग्बीतून निघालेला, हाताने चेंडू फेकण्याचा आणि काखेत दाबून पळण्याचा खेळ. संघ जिंकला की क्वार्टरबॅकला डोक्यावर घ्यायचे आणि हरला की सगळे खापर त्याच्यावर फोडायचे, ही रीत व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल), फार खोल रुजली आहे. मैदानावरच्या ११ जणांपैकी एकट्या त्याच्याच नावापुढे संघाच्या जय-पराजयाचा आकडा सर्रास लिहिला जातो. चाहत्यांचा हा कौल कसा बनतो आणि कुठे चुकतो, याविषयी ही नोंद आहे.

मराठी वाचकाला क्रिकेटच्या कर्णधाराची आठवण होईल, पण ती तुलना अपुरी पडते. कर्णधार प्रत्येक चेंडू टाकत नाही की खेळत नाही. क्वार्टरबॅकच्या हातात मात्र आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी येतो. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही दशकांत या जागेचे वजन वाढत गेले.

एक चाल जवळून पाहू. आधीची चाल संपली की ४० सेकंदांचे घड्याळ सुरू होते. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो. त्यातून प्रशिक्षक पुढची चाल सांगतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. आता तो एकटा. समोरची बचाव फळी कशी उभी आहे, कोण पुढे सरकला, कोण मागे जाण्याचे नाटक करतो आहे, हे पाहून तो ओरडून चाल बदलू शकतो. मग मधला खेळाडू, सेंटर, दोन पायांमधून चेंडू मागे त्याच्या हातात देतो. तिथून साधारण अडीच-तीन सेकंद. सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याच्या अंगावर येत असतात, आणि ज्याच्याकडे चेंडू फेकायचा तो साथीदार अनेकदा अजून वळलेलाही नसतो. तो जिथे पोचणार आहे त्या जागेवर चेंडू आधी सोडावा लागतो. फेक चुकली की प्रतिस्पर्धी चेंडू झेलतो, त्याला इंटरसेप्शन म्हणतात. फेकायच्या आत पकडून पाडले तर सॅक.

घरी बसलेल्या प्रेक्षकाला कॅमेरा दाखवतो तो बहुतेक वेळा फक्त चेंडू. साथीदाराने वळण चुकीचे घेतले, डावीकडच्या टॅकलने, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवायला पुढे उभ्या असलेल्या गड्याने, एका पावलाने उशीर केला, हे दिसत नाही. दिसतो तो जमिनीवर पडलेला क्वार्टरबॅक. कौल चुकण्याचे हे पहिले आणि सर्वांत मोठे कारण आहे. ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ २००२ मध्ये मैदानात उतरला तेव्हा त्यांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कार या क्वार्टरबॅकला घेतले. त्या एका हंगामात तो ७६ वेळा सॅक झाला, जो एनएफएलचा विक्रम आहे. एवढे मार खाल्लेल्या तरुणाबद्दल ‘हा काही कामाचा नाही’ असे म्हणणे सोपे होते. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या पाच जणांची नावे कितीजणांना सांगता आली असती?

दुसरे कारण त्याहून साधे. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असतो तेव्हा क्वार्टरबॅक बाकावर असतो. म्हणजे सामन्याचा साधारण अर्धा खेळ तो आपल्यासारखाच बघत असतो. तरीही बचाव फळीने दिलेले गुण त्याच्या हारजितीच्या हिशेबात जमा होतात.

या बाबतीत दोन नावे शेजारी ठेवली की बाकी काही सांगायची गरज उरत नाही. मायामी डॉल्फिन्सच्या डॅन मरिनोने १९८४ मध्ये, व्यावसायिक कारकिर्दीच्या दुसऱ्याच वर्षी, ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोचवून मिळवलेले गुण) फेकले. टचडाउन फेकींचा आधीचा विक्रम ३६ होता. त्याचा यार्डांचा विक्रम २०११ पर्यंत टिकला. त्या हंगामाच्या शेवटी तो सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, पोचला, जो प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक मोंटानाच्या सॅन फ्रान्सिस्को संघाने ३८-१६ असा जिंकला. मरिनो त्यानंतर १९९९ पर्यंत खेळला, पण पुन्हा सुपर बोल त्याच्या वाट्याला आला नाही. ‘एकही अंगठी नाही’ हे वाक्य त्याच्या नावाला कायमचे चिकटले, कारण विजेत्या संघाच्या खेळाडूंना अंगठी मिळते आणि चाहते थोरवी त्या अंगठ्यांनी मोजतात.

दुसरे नाव ट्रेंट डिल्फर. २००० च्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सला सलग चार सामन्यांत एकही टचडाउन करता आला नव्हता. क्वार्टरबॅक बदलून डिल्फरला आणले. त्याचा पहिला सामनाही संघ हरला, पण पुढचे सगळे, प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) धरून ११, जिंकले. सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा ३४-७ असा फडशा पाडला. रे लुइसच्या नेतृत्वाखालच्या त्या बचाव फळीने नियमित हंगामाच्या १६ सामन्यांत मिळून फक्त १६५ गुण दिले होते. डिल्फरचे काम चेंडू न गमावण्याचे होते, ते त्याने चोख केले. आणि विजेतेपदानंतर त्याच संघाने त्याला सोडून दिले. संघाच्या व्यवस्थापनाने जे उघड केले ते चाहत्यांच्या वादात मात्र आजही मान्य होत नाही: अंगठी संघाची असते. मरिनो डिल्फरपेक्षा कितीतरी मोठा क्वार्टरबॅक होता, आणि हे म्हणायला धाडस लागू नये.

काळ पुढे सरकला की एकाच माणसाविषयीचा कौलही उलटतो. डेन्व्हरचा जॉन एल्वे तीन सुपर बोल हरला तेव्हा ‘मोठ्या सामन्यात ढेपाळतो’ असे त्याच्याबद्दल बोलले जाई. पस्तिशी उलटल्यावर टेरेल डेव्हिससारखा धावणारा गडी त्याच्या जोडीला होता आणि त्याने लागोपाठ दोन सुपर बोल जिंकून निवृत्ती घेतली. त्याच डेन्व्हरकडून पेटन मॅनिंग २०१५ च्या हंगामात खेळला. नियमित हंगामात ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन, म्हणजे त्याच्या दर्जाला न शोभणारे आकडे. पण संघाची बचाव फळी जबरदस्त होती आणि हंगामाच्या शेवटी त्याच्या बोटात दुसरी अंगठी आली.

सर्वांत गाजलेला वाद टॉम ब्रॅडीचा. मिशिगन विद्यापीठातून आलेल्या ब्रॅडीला २००० च्या ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने १९९ व्या क्रमांकावर घेतले, म्हणजे १९८ खेळाडू त्याच्याआधी निवडले गेले होते. संघाचा खरा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो होता. २००१ च्या मार्चमध्ये त्याच्याशी १० वर्षांचा, १० कोटी डॉलरहून मोठा करार झाला होता. २३ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुइसने त्याला सीमारेषेजवळ इतक्या जोरात धडक दिली की छातीत रक्तस्राव झाला. ब्रॅडी मैदानात आला. तो सामना संघ हरला. ब्लेडसो बरा झाल्यावर कोणाला खेळवायचे यावरून संघाच्या बोस्टन परिसरात दोन तट पडले, पण प्रशिक्षक बिल बेलिचिक ब्रॅडीवर ठाम राहिला. एएफसीच्या (एनएफएलच्या दोन गटांपैकी एका गटाच्या) अंतिम सामन्यात ब्रॅडी दुखावला तेव्हा ब्लेडसोनेच येऊन टचडाउन फेकला आणि संघाला सुपर बोलमध्ये नेले. ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. तिथे रॅम्सवर २०-१७ असा विजय मिळाला तो शेवटच्या क्षणी अ‍ॅडम विनाटिएरीने मारलेल्या ४८ यार्डांच्या किकने.

पुढे पेट्रियट्सने ब्रॅडी असताना आणखी पाच सुपर बोल जिंकले आणि चाहत्यांचा प्रश्न बदलला: हे यश ब्रॅडीचे की बेलिचिकचे? दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात. २००८ मध्ये ब्रॅडी पहिल्याच सामन्यात गुडघा मोडून बाहेर गेला, तरी मॅट कॅसलला घेऊन संघाने ११ सामने जिंकले. २०२० मध्ये ब्रॅडी टॅम्पा बे बकानिअर्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात कॅन्सस सिटीला ३१-९ असे हरवून सातवी अंगठी मिळवली. इकडे बेलिचिकचा संघ त्या वर्षी ७-९ (सात विजय, नऊ पराभव) वर थांबला. २०२३ मध्ये तो ४-१३ झाला आणि बेलिचिकने संघ सोडला. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो, कारण वीस वर्षे एकमेकांत मिसळलेल्या दोन माणसांचे काम वेगळे करून तोलता येत नाही. पण शेवटच्या चार वर्षांनी तराजू ब्रॅडीकडे झुकला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

‘शहरातला सर्वांत लाडका खेळाडू म्हणजे राखीव क्वार्टरबॅक’ अशी अमेरिकेत एक जुनी म्हण आहे. त्याने अजून कुणाची निराशा केलेली नसते. पण याच्या उलटही घडते. न्यूयॉर्क जायंट्सच्या एली मॅनिंगविरुद्ध चाहते वर्षानुवर्षे कुरकुर करत होते. नियमित हंगामांत त्याचा हिशेब शेवटी बरोबर ११७ विजय आणि ११७ पराभव असा भरला. तरी २०१७ च्या डिसेंबरमध्ये सलग २१० सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवले तेव्हा तेच लोक खवळले, आणि तो सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाला जावे लागले. त्याने मिळवून दिलेले दोन सुपर बोल लोक विसरले नव्हते. जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही संघ न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्डला खेळतात. त्या राज्यात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि तिथे वाढलेल्या मुलांच्या रविवारच्या गप्पांत हे वाद आपसूक येतात. महाराष्ट्रातून सुपर बोल पाहायचा तर सोमवारी पहाटे पाचला उठावे लागते.

क्लीव्हलंडची कथा निव्वळ दुःखाची आहे. ब्राउन्स संघ मालकाने १९९६ मध्ये बाल्टिमोरला नेला (त्याचाच पुढे डिल्फरचा विजेता संघ झाला). नाव आणि रंग मात्र शहराकडेच राहिले आणि १९९९ मध्ये नवा संघ उभा राहिला. ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी घेतलेला क्वार्टरबॅक टिम काउच, जर्सी क्रमांक २. एका चाहत्याने ती जर्सी घेतली, आणि दर नव्या क्वार्टरबॅकबरोबर आधीच्या नावावर काट मारून खाली नव्या नावाची पट्टी चिकटवत गेला. पट्ट्या खाली खाली सरकत जर्सीच्या टोकापर्यंत पोचल्या. २०१७ मध्ये संघ सोळाच्या सोळा सामने हरला. २० सप्टेंबर २०१८ रोजी बेकर मेफील्ड राखीव म्हणून मैदानात आला आणि ६३५ दिवसांनी विजय दिसला. २०२० च्या हंगामात त्याने संघाला प्लेऑफमधला सामनाही जिंकून दिला, आणि २०२२ मध्ये त्यालाही जावे लागले. इतक्या माणसांत एकही लायक नव्हता, यावर माझा विश्वास बसत नाही. प्रशिक्षक आणि व्यवस्थापकही तितक्याच वेगाने बदलत होते.

या कौलात वर्णभेदाचाही मोठा वाटा होता. कृष्णवर्णीय खेळाडूला क्वार्टरबॅकची ‘समज’ नसते, असा समज संघचालकांत आणि प्रेक्षकांत दीर्घकाळ होता. वॉरन मूनला १९७८ मध्ये एकाही संघाने ड्राफ्टमध्ये घेतले नाही. त्याने कॅनडात एडमंटनकडून लागोपाठ पाच ग्रे कप, म्हणजे तिथल्या लीगची विजेतेपदे, जिंकले, मग एनएफएलमध्ये आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेला. जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या डग विल्यम्सने सुपर बोलच्या एकाच सत्रात चार टचडाउन फेकून डेन्व्हरला ४२-१० असे हरवले. दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक असलेला पहिला सुपर बोल मात्र २०२३ मध्ये झाला: पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स.

हर्ट्सच्या फिलाडेल्फियातले चाहते सर्वांत कडक समजले जातात. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ईगल्सने डोनोव्हन मॅकनॅबचे नाव पुकारताच तिथे आलेल्या त्यांच्या चाहत्यांनी हुर्यो उडवली. त्यांना चेंडू घेऊन धावणारा गडी रिकी विल्यम्स हवा होता. मॅकनॅबने संघाला पाच वेळा एनएफसीच्या (दुसऱ्या गटाच्या) अंतिम सामन्यात नेले, एकदा सुपर बोलमध्येही, पण विजेतेपद हुकले. २०१३ मध्ये त्याचा ५ क्रमांक संघाने सन्मानाने निवृत्त केला. पुतळा मात्र निक फोल्सचा आहे. कार्सन वेंट्झ जखमी झाल्यावर आलेल्या या राखीव क्वार्टरबॅकने फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रॅडीच्या पेट्रियट्सना ४१-३३ असे हरवले. मध्यंतरापूर्वी, चौथ्या डाउनला, म्हणजे आक्रमणाच्या शेवटच्या संधीला, गोलरेषेपासून एका यार्डावर त्याने प्रशिक्षक डग पीडरसनला एक फसवी चाल खेळायची का म्हणून विचारले, आणि तो हो म्हणाला. स्टेडियमबाहेरच्या पुतळ्यात तोच क्षण आहे, दोघे बोलताना. चेंडू सेंटर जेसन केल्सीने कोरी क्लेमेंटकडे दिला, क्लेमेंटने ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनने तो फेकला. फोल्सने फक्त झेलला.