सरळ उडण्यासाठी तिरकं बसवलेलं इंजिन

किर्लोस्करवाडी किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत हात बसलेल्या फिटरला इंजिन आणि पंप एका रेषेत आणायला सांगायची गरज नसते. तो कपलिंगवर डायल गेज लावतो, इंजिनाच्या पायाखाली शिम (पातळ पत्रा) सारतो आणि सुई हलायची थांबली की बोल्ट आवळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना काढला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते. नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंतच्या या परंपरेत वाकडं बसलेलं इंजिन म्हणजे सरळसरळ चूक. म्हणूनच घरी बांधायच्या छोट्या विमानाच्या नकाशात इंजिन मुद्दाम एक-दोन अंश उजवीकडे वळवलेलं दिसलं की इथला माणूस आधी नकाशावरच संशय घेईल.

अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान 2016 मध्ये मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं गेलं आणि 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. तेव्हापासून घरी विमान बांधणं आपल्याकडे निदान ऐकून तरी माहीत झालं. इंजिनाच्या या तिरकेपणामागची गोष्ट मात्र बरीच जुनी आहे.

नाकावर एकच पंखा फिरत असला की विमान एका बाजूला ओढलं जातं. राइट बंधूंना हा प्रश्न पडलाच नाही, कारण त्यांनी तो येऊच दिला नाही. 1903 च्या त्यांच्या विमानात एकच इंजिन होतं, पण ते साखळ्यांनी दोन पंखे (प्रोपेलर) फिरवायचं. एक साखळी आठच्या आकड्यासारखी उलटी घातल्यामुळे पंखे परस्परविरुद्ध दिशेनं फिरायचे आणि त्यांचे पीळ एकमेकांना मारायचे. डावं-उजवं त्यांनाही सांभाळावं लागलंच. इंजिन उजव्या बाजूला होतं आणि ते डावीकडे पालथ्या पडलेल्या वैमानिकापेक्षा जड, म्हणून उजवा पंख सुमारे 4 इंच लांब ठेवला होता.

1909 मध्ये फ्रेंच वैमानिक ब्लेरिओनं इंग्लिश खाडी ओलांडली ती नाकावर एकच पंखा असलेल्या विमानातून. पुढे हीच मांडणी रूढ झाली. त्याचं इंजिन जेमतेम 25 अश्वशक्तीचं, त्यामुळे नाक एका बाजूला ओढलं जात असलं तरी ते पायानं सावरता यायचं. पहिल्या महायुद्धात रोटरी इंजिनं सर्रास वापरली गेली. त्यांत पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. सॉपविथ कॅमल हे लढाऊ विमान उजवीकडे झटकन वळायचं ते याच भोवऱ्यामुळे, आणि नवशिक्यांचे जीवही त्यानंच घेतले.

आता हे ओढणं येतं कुठून ते पाहू. कॉकपिटमधून पाहताना पंखा घड्याळाच्या दिशेनं फिरतो असं धरा. लायकमिंग, कॉन्टिनेन्टल ही अमेरिकन इंजिनं तशीच फिरतात. पंख्यामागची हवा मळसूत्रासारखी पिळत मागे जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. चढताना नाक वर असतं, तेव्हा उजवीकडून खाली येणारं पंख्याचं पातं हवा जास्त कापतं, म्हणजे नाक पुन्हा डावीकडेच. टॉर्कची, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या पिळाची, उलट प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलंडवते ती वेगळीच. म्हणून इंजिन, आणि त्याबरोबर पंख्याची पुढे खेचणारी ओढ, थोडी उजवीकडे वळवतात. काही विमानांत इंजिन थोडं खालीही झुकवतात. त्याचं कारण निराळं आहे: शक्ती वाढवली की नाक आपोआप वर उठू नये. दुसऱ्या महायुद्धातल्या ग्रुमन हेलकॅटचं इंजिन 3 अंश खाली झुकलेलं होतं.

त्या काळात ताकद हजार अश्वशक्तीपलीकडे गेली तशी प्रत्येकानं आपापली युक्ती काढली. इटलीच्या माकी सी.202 चा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे 20 सेंटिमीटर लांब होता. मला सगळ्यात बोलका वाटतो तो ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरचा किस्सा. आधीचं मर्लिन इंजिन एका दिशेनं फिरायचं आणि नंतरचं ग्रिफन विरुद्ध दिशेनं. विमान तेच, पण उड्डाण करताना सवयीनं उजवा पाय दाबणारा वैमानिक धावपट्टीवरून बाहेर जायचा.

घरी विमान बांधणाऱ्याला हा धडा सगळ्यात आधी हवा. 1930 च्या सुमारास अमेरिकेत पीटनपोलनं फोर्डच्या मोटारीचं इंजिन विमानाला जोडलं, तेव्हापासून मिळेल ते इंजिन वापरायची चाल पडली. पुढे फोक्सवॅगनचं इंजिन लोकप्रिय झालं. त्याच्या पुलीच्या टोकाला पंखा लावला की कॉकपिटमधून तो घड्याळाच्या उलट फिरतो. अशा वेळी लायकमिंगच्या नकाशातला ‘2 अंश उजवीकडे’ जसाच्या तसा उचलला, तर औषधच विष ठरतं. तिथे इंजिन डावीकडे वळवायचं असतं. पंखा मागे असलेल्या पुशर विमानाचं गणित आणखी वेगळं, कारण तिथे पिळलेली हवा बहुधा उभ्या पात्यापर्यंत पोचतच नाही.

प्रत्यक्ष बसवताना खरी पंचाईत स्पिनरची, म्हणजे पंख्याच्या मध्यावरच्या टोपीची, होते. इंजिन फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) मधोमध ठेवून नुसतं उजवीकडे वळवलं तर पंख्याचं केंद्र मध्यरेषेच्या बाहेर जातं आणि काउलिंग (इंजिनावरचं आवरण) वाकडं दिसतं. म्हणून माउंटची (इंजिन धरणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याची) मागची बाजूच डावीकडे सरकवतात. फायरवॉलपासून पंख्याच्या फ्लॅंजपर्यंत (पंखा जिथे बोल्टांनी बसतो ती चकती) 75 सेंटिमीटर अंतर असेल तर 2 अंशांसाठी ही सरक साधारण 2.6 सेंटिमीटर येते. हे जिगवर (साच्यावर) नळ्या वेल्ड करायच्या आधीच ठरवायचं असतं, कारण पुढे हातात उरतात ते फक्त वॉशर. माउंटचे बोल्ट एकमेकांपासून 25 सेंटिमीटरवर असतील तर डाव्या बाजूला 3 मिलिमीटरचे वॉशर टाकून इंजिन जेमतेम 0.7 अंश उजवीकडे वळतं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली एरोमॉडेलिंगवाली मुलं हेच वॉशर टाकून ‘राईट थ्रस्ट’ देतात. त्यांना हे सांगायला नको.

एक कोन सगळ्या वेगांना पुरत नाही, हेही इतिहासानंच दाखवलं. क्रूझसाठी, म्हणजे एकसारख्या वेगाच्या सपाट उड्डाणासाठी, बसवलेला कोन चढताना कमी पडतो आणि इंजिन बंद करून उतरताना त्याचा उपयोगच उरत नाही. म्हणून रडरचे (शेपटीवरच्या उभ्या हलत्या पात्याचे) पेडल बहुतेक विमानांत राहिलेच. शिवाय माउंटमधलं रबर वर्षानुवर्षं दबतं. पुढे लटकणारं इंजिन हळूहळू नाक टाकतं आणि स्पिनर काउलिंगच्या कडेपेक्षा खाली आलेला दिसतो. तेव्हा खालच्या दोन बोल्टांवर वॉशर वाढवतात, नाहीतर रबरंच बदलतात.