अमेरिकेत रूफिंगचं लायसन्स: अर्ज अडतो तो विम्यापाशी

अमेरिकेत छताच्या कामाला देशभर चालणारं लायसन्स नाही. राज्यागणिक कायदा बदलतो. कॅलिफोर्नियाचे नियम बरेच कडक आहेत, म्हणून आधी तेच नीट पाहू.

तिथे कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाचं सी-३९, म्हणजे छताच्या कामाचं, लायसन्स लागतं. वय किमान १८ आणि गेल्या १० वर्षांत ४ वर्षं कुशल कारागीर, मुकादम किंवा कॉन्ट्रॅक्टर म्हणून केलेलं काम. हेल्पर म्हणून शिंगल्सचे (छतावर बसवायच्या पातळ फरश्यांचे) गठ्ठे वर चढवून दिले, ती वर्षं धरत नाहीत. अनुभवाच्या दाखल्यावर सही करणाऱ्यानं तुमचं काम स्वतः पाहिलेलं असावं लागतं. अर्जाची फी ४५० डॉलर, परत मिळत नाही. कायदा-व्यवसाय आणि रूफिंग अशा दोन परीक्षा, शिवाय बोटांचे ठसे. पास झाल्यावर एकट्या मालकाला २०० डॉलर फी आणि २५,००० डॉलरचा बाँड. बाँड म्हणजे ग्राहकासाठीची हमी, तुमचा विमा नव्हे: ग्राहकाला दिलेली भरपाई बाँड कंपनी तुमच्याकडूनच वसूल करते.

सगळ्यात जास्त घोळ होतो वर्कर्स कॉम्पमध्ये, म्हणजे कामावर इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्यात. ‘माझ्याकडे कामगारच नाहीत’ असं लिहून लोक सूट मागतात. सी-३९ला ती सूट नाहीच. एकट्यानं काम करणाऱ्यालाही पॉलिसी घ्यावी लागते. छतावरून पडण्याचा धोका मोठा आहे, त्यामुळे ही सक्ती रास्तच म्हणायला हवी. पॉलिसीवरचं नाव बोर्डाकडच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं. एका कागदावर ते पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, असं होऊ देऊ नका. पुढे पॉलिसी खंडित झाली तर लायसन्सही निलंबित होतं.

फ्लोरिडात क्रेडिट स्कोअर ६६० लागतो. कमी असेल तर बाँड द्यावा लागतो. लायबिलिटी विमा (तुमच्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर) किमान १ लाख डॉलर शारीरिक इजेसाठी, २५,००० मालमत्तेसाठी. वर्कर्स कॉम्पमधून सूट हवी असेल तर कंपनी काढून त्यात किमान १० टक्के हिस्सा असावा लागतो. बांधकामात एकल मालकाला ती मिळत नाही.

टेक्सासात रूफरला राज्याचं लायसन्सच नाही, कामगार ठेवणाऱ्या खासगी मालकाला वर्कर्स कॉम्पही सक्तीचं नाही. शहराचे परमिट-नोंदणीचे नियम मात्र आधी विचारून घ्या. घरमालकांनी विम्याचा दाखला कॉन्ट्रॅक्टरकडून न घेता थेट त्याच्या विमा एजंटकडून मागवावा. गारपिटीनंतर ‘तुमचं डिडक्टिबल (विम्याच्या दाव्यात घरमालकानं स्वतः भरायची रक्कम) आम्ही भरतो’ म्हणणारे दारात येतात. २०१९ पासून तिथे तो गुन्हा आहे.