मॉडेल विमानाच्या इंजिनाचा घरगुती सायलेन्सर आणि कार्बोरेटर ट्युनिंग (बेळगाव सीमाभाग)

छोट्या ग्लो किंवा पेट्रोल इंजिनाच्या एक्झॉस्टला घरी नाहीतर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पत्रा, नळी, ॲल्युमिनियमचा ठोकळा यातून बनवून बसवलेला डबा म्हणजे घरगुती सायलेन्सर, आणि त्याच इंजिनात हवा आणि इंधनाचं प्रमाण सुईच्या स्क्रूने जमवणं म्हणजे कार्बोरेटर ट्युनिंग. बरेच जण ही दोन कामं वेगवेगळी शिकतात पण खरं बघता ते एकच काम आहे, कारण धूर बाहेर जायची वाट बदलली की सिलिंडरमध्ये येणारी ताजी हवा बदलते, आणि मग कालपर्यंत छान चाललेली सुई आज चुकीची ठरते. सायलेन्सर बसवून सुईला हात न लावता थेट विमान उडवणाऱ्याचं इंजिन हवेत बंद पडतं नाहीतर पिस्टन पकडतो (तापून सिलिंडरमध्ये अडकतो), यात इंजिनाचा दोष नसतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे काम जमण्यासारखं आहे कारण हातचं कसब आधीपासून इथं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावातच सायकलच्या दुकानातून सुरुवात केली आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण शहरात लेथ आणि फाउंड्रीचं काम वाढतच राहिलं. उद्यमबागेत टर्नर आणि ओतकाम करणारे भेटतात, हत्तरगीला तर मोठ्या विमानांचे पार्ट बनवणारा एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे. शिवाय गल्लीतले जुने टू-स्ट्रोक मेकॅनिक, ज्यांनी लुना, राजदूत आणि आरएक्स १०० प्लगचा रंग बघून सेट केल्या, त्यांना मॉडेल इंजिन हातात दिलं तर अर्ध्या तासात कळतं काय चाललंय ते, फक्त सुया किती बारीक आहेत याची सवय व्हायला वेळ लागतो.

इंजिनं कुठली

सुरुवातीची मॉडेल इंजिनं स्पार्क प्लगवर चालायची, अमेरिकेतलं १० सीसीचं ब्राउन ज्युनिअर १९३० च्या दशकातलं. १९४७ मध्ये रे आर्डेनने ग्लो प्लग आणला आणि बॅटरी-कॉइलचं वजनच गेलं. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची तार असते, मिथेनॉलच्या वाफेशी तिची क्रिया होऊन ती तापलेली राहते आणि एकदा इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून टाकता येते. त्याचं साधं इंधन म्हणजे ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल. ताकद वाढवायला इंधनात मिसळतात ते नायट्रोमिथेन आपल्याकडे सहज मिळत नाही म्हणून बहुतेक जण याच साध्या मिश्रणावर चालवतात आणि त्यावर इंजिन चांगलं चालतंही. मिथेनॉल विष आहे, पोटात गेलं तर डोळे आणि जीव दोन्ही जातात, त्यामुळे बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ती पोरांच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवायची. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतात, कित्येकांनी मॉडेल इंजिनाचा पहिला आवाज तिथंच ऐकलेला असतो.

आता मोठ्या मॉडेलसाठी २० ते ६० सीसीची पेट्रोल इंजिनं आली, त्यात वॉलब्रो कंपनीच्या पद्धतीचा पंपवाला कार्बोरेटर असतो. आणि एक स्वस्तातला मार्ग म्हणजे शेतातल्या ग्रास कटरचं ४३ किंवा ५२ सीसी इंजिन घ्यायचं, क्लच काढायचा, पुढे प्रॉपेलरचा हब टर्न करून बसवायचा. शेतीच्या मशीनच्या दुकानात त्याच्या कार्बची (कार्बोरेटरची) डायफ्रॅम किट, म्हणजे आतले लवचिक पडदे, पण मिळते, त्यामुळे ट्युनिंग शिकायला यापेक्षा चांगलं इंजिन नाही असं माझं मत आहे.

सायलेन्सर कसा बनवतात

टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १२,००० फेऱ्या मारतं तेव्हा सेकंदाला २०० वेळा एक्झॉस्टचा धक्का बाहेर पडतो. सायलेन्सरचं काम म्हणजे तो धक्का मोठ्या जागेत पसरू देणं आणि मग हळूहळू छोट्या नळीतून बाहेर सोडणं. म्हणून पहिली गोष्ट आकारमान. इंजिनाच्या सीसीच्या निदान १० पट जागा डब्यात हवी, १५ ते २० पट असेल तर उत्तम. २६ सीसीच्या इंजिनाला आतून ५० मिलिमीटर व्यासाची आणि २०० मिलिमीटर लांबीची नळी घेतली तर साधारण ३९० सीसी जागा होते, म्हणजे १५ पट, ते पुरतं. बाहेरच्या नळीचं भोक कार्बोरेटरच्या घशापेक्षा लहान ठेवू नये, या मापाच्या इंजिनाला १२ मिलिमीटरची एक नळी किंवा ९ मिलिमीटरच्या दोन चालतात. आत जाळीदार भोकांची नळी घातली तर आवाजाची धार कमी होते, पण त्या सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ बाहेरच्या नळीच्या दुप्पट-तिप्पट हवं, नाहीतर ती नळीच बूच होते. ग्लासवूल भरू नये, तेल पिऊन ते काळं पडतं आणि तुकडे होऊन बाहेर येतं.

धातूचा विचार नीट करावा लागतो. कथलाचा डाख १८३ अंशाच्या आसपासच वितळतो त्यामुळे पहिल्याच फुल थ्रॉटलला जोड सुटतो, म्हणून लोखंडी पत्र्याला चांदीचं नाहीतर पितळी ब्रेझिंग पाहिजे. अर्धा ते पाऊण मिलिमीटर पत्रा पुरे. ॲल्युमिनियम हलकं पडतं पण ते अर्गन वेल्डिंगवाल्याकडेच न्यावं लागतं, आणि वेल्डिंग नको असेल तर नळीच्या दोन्ही टोकांना लेथवर टर्न केलेली झाकणं बसवून मधून एक लांब बोल्ट घालून आवळायचं, हा प्रकार सगळ्यात सोपा आणि खोलून साफ पण करता येतो. ज्यांना ओतायचं आहे त्यांनी जुने पिस्टन वितळवावेत, पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असतं त्यामुळे ते वाळूच्या साच्यात छान भरतं, लाकडाचा पॅटर्न दोन अर्ध्यांचा करायचा. धातू वितळवायची मूस आणि वाळू दोन्ही कोरडी हवीत, ओल राहिली तर वितळलेला धातू उडतो, म्हणून पहिल्यांदा ओतताना फाउंड्रीत काम केलेला माणूस शेजारी असावाच.

इंजिनाला जोडायच्या फ्लँजकडे (बोल्ट लावायच्या चपट्या कडेकडे) सगळ्यात जास्त लक्ष द्या. फुटतं ते तिथंच. डब्याचं वजन बाहेर लटकतं आणि थरथरीने वेल्डजवळ चीर पडते, म्हणून मागच्या टोकाला एक पट्टी देऊन इंजिन माउंटला आधार द्यायचा. कागदी पॅकिंग जळतं, कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याचं कापून लावलं तर टिकतं. बोल्टला लावायचं गोंदासारखं लॉकिंग एक्झॉस्टच्या तापमानाला सोडून देतं म्हणून बोल्टच्या डोक्यात भोक पाडून तार ओवतात, दिसायला जुनाट दिसतं पण सुटत नाही.

ग्लो इंजिनाच्या सायलेन्सरला एक छोटा निपल लावून तिथून सिलिकॉन नळी टाकीला देतात म्हणजे एक्झॉस्टचा दाब टाकीतलं इंधन ढकलतो आणि विमान नाक वर करून चढताना इंधन कमी पडत नाही. निपलसाठी डब्याला भोक पाडून आटे पाडायचे, पण ते बाहेरच्या नळीच्या तोंडाजवळ नको, तिथं दाब नसतो. पंपवाल्या पेट्रोल कार्बला हे अजिबात लावायचं नाही, त्याचा पंप स्वतःच इंधन ओढतो.

सुई लावणं

ग्लो कार्बमध्ये फिरणारं बॅरल, मोठी सुई फुल थ्रॉटलसाठी आणि छोटी आयडलसाठी. मोठी सुई दीड-दोन फेरे उघडी ठेवून सुरू करायचं, गरम होऊ द्यायचं, मग फुल थ्रॉटलला हळूहळू बंद करत जायचं. सुरुवातीला फटफट असा जाड आवाज येतो, मग एका जागी तो तुटून बारीक सलग होतो, आणखी बंद केली की आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) शिखराला पोचतात. तिथं थांबायचं नाही, तिथून परत उघडून २०० ते ३०० आरपीएम खाली यायचं, कारण हवेत टाकी रिकामी होत जाते तसं मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. खात्री करायला इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबतात. आवाज थोडा वाढून मग पडला तर सेटिंग बरोबर, लगेच पडला तर लीन आहे. मग विमान नाक वर करून दहा-एक सेकंद धरायचं, आवाज खाली बसता कामा नये. पंपवाल्या कार्बला ही चिमटीची परीक्षा लागू होत नाही, त्याच्या आत इंधन साठलेलं असतं.

वॉलब्रो पद्धतीच्या कार्बमध्ये क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्याने एक डायफ्रॅम हलतो आणि पेट्रोल ओढतो, दुसरा डायफ्रॅम बारीक लिव्हरमधून आतली सुई उघडझाप करतो. एल (कमी वेगासाठी) आणि एच (फुल थ्रॉटलसाठी) अशा दोन सुया असतात, दोन्ही दीड फेरा उघडून सुरुवात. आधी एल लावायची, कारण फुल थ्रॉटलला पण तिच्यातून पेट्रोल जातच राहतं आणि एच आधी लावली तर नंतर परत लावावी लागते. आयडलवर पंधरा सेकंद ठेवून थ्रॉटल एकदम उघडायचा. इंजिन गचकन मेलं तर एल लीन आहे, फेऱ्याचा आठवा हिस्सा उघडा, धूर टाकत अडखळत चढलं तर तेवढीच बंद करा. मग एच शिखरापर्यंत नेऊन २०० आरपीएम मागे. सगळं प्रॉपेलरच्या मागे उभं राहून करायचं, बाजूला किंवा पुढे वाकून कधीच नाही, आणि इग्निशनचा किल स्विच चालतो का हे आधीच बघायचं.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. डायफ्रॅमच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, बाहेरच्या हवेचा दाब तिथून आत जातो. विमान उडताना काउलमधल्या (इंजिनावरच्या झाकणातल्या) वाऱ्याचा झोत त्या भोकावर पडला की मिश्रण आपोआप बदलतं, आणि जमिनीवर घड्याळासारखं चालणारं इंजिन हवेत बिघडतं. उपाय म्हणजे त्या भोकावर पितळेची बारीक नळी डाख देऊन तिला रबरी नळी जोडून विमानाच्या पोटात सोडायची. हे काम सायलेन्सर बसवतानाच उरकून घ्यावं.

आरपीएम मोजायला ऑप्टिकल टॅकोमीटर पाहिजे आणि तो खरा आहे का हे घरी तपासता येतं. चोकवाली जुनी ट्यूबलाइट ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून दोन पात्यांच्या सेटिंगवर टॅकोमीटर ३,००० दाखवणार. सायलेन्सर लावल्यावर आरपीएम तीन-चारशेने उतरले तर चालतं, हजाराने उतरले तर बाहेरची नळी लहान आहे, ती मोठी करा, सुईने भरून काढायला जाऊ नका.

इथल्या हवेचा हिशोब

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि इथली हवा गोव्यापेक्षा ७ ते ८ टक्के विरळ. इथं सेट केलेलं विमान घेऊन चोर्ला घाट उतरून खाली गेलात तर दाट हवेत तेच इंजिन लीन चालतं, सुई उघडावीच लागते, न उघडता चालवलं तर तापतं. उलट कोकणातून वर आणलेलं इंजिन इथं धूर ओकतं. आणि जागा न बदलता सुद्धा हे होतं. डिसेंबरमध्ये पहाटे १३ अंश आणि दुपारी ३० अंश असेल तर हवेची घनता ६ टक्क्यांच्या आसपास बदलते, म्हणजे जवळजवळ घाट चढल्याएवढा फरक. सकाळी लावलेली सुई दुपारी तपासायचीच.

दुसरा फरक पेट्रोलचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या ते बनवणाऱ्यांतच आहेत. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते तर या मिश्रणाला साधारण १३.५, म्हणजे जुन्या सेटिंगवर इंजिन लीन होतं आणि दोन्ही सुया थोड्या उघडाव्या लागतात. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुने डायफ्रॅम कडक करतं, त्यामुळे उडवून झाल्यावर टाकी रिकामी करून कार्बमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद करणं बरं. पावसाळ्यात चार महिने खानापूरच्या बाजूला विमान बाहेर निघत नाही, तेव्हा तर हे केलंच पाहिजे. भाताची कापणी झाली की मोकळी शेतं मिळतात, तेव्हा कार्ब नवीन डायफ्रॅम टाकूनच सुरू करावा.

आवाज आणि जागा

ब्रिटनमध्ये १९८२ च्या आचारसंहितेत मॉडेल विमानासाठी ७ मीटरवर ८२ डेसिबलची मर्यादा घातली, अजून पण तो आकडा चांगला मापदंड आहे. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, म्हणजे गल्लीत इंजिन चालवून बघायचा प्रश्नच नाही. सायलेन्सर कितीही चांगला केला तरी प्रॉपेलरचा आवाज उरतोच. १० इंची पातं १५,००० आरपीएमला फिरलं की टोकाचा वेग सेकंदाला जवळजवळ २०० मीटर होतो आणि ते किंचाळतं. मोठा व्यास, जास्त पिच (पात्याचा पीळ) आणि कमी आरपीएम घेतले तर अर्धं काम तिथंच होतं, मग सायलेन्सरचा खरा फायदा ऐकू येतो. जागा निवडताना ड्रोन नियम २०२१ लक्षात ठेवा, विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. सांबरा विमानतळ जवळ आहे आणि शहरात लष्कराची हद्द, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी साइटचा नकाशा बघितल्याशिवाय मैदान ठरवू नये.

साफसफाई

एरंडेल जळून डब्याच्या आत लाखेसारखा तपकिरी थर बसतो आणि बाहेरची नळी हळूहळू बारीक होत जाते, मग लोक सुई फिरवत बसतात. ॲल्युमिनियमचा सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात टाकायचा नाही, सोडा धातूच खातो. गाडीचं कूलंट मंद आचेवर गरम करून त्यात काही तास बुडवून ठेवला की थर सुटतो, नंतर ब्रशने घासून पाण्याने धुवायचा. कूलंट विषारी असतं म्हणून ते भांडं परत स्वयंपाकात घेऊ नये आणि हे काम घराबाहेर करावं. धुतलेला सायलेन्सर परत बसवला की एक्झॉस्टची वाट मोकळी झालेली असते, म्हणून आधी मोठी सुई पाव फेरा उघडून मगच इंजिन चालू करायचं.