दरपत्रक लातुरात बदललं, उदगीरला कधी पोचणार?

मृग निघाला की कृषी सेवा केंद्रात उभं राहायला जागा नसते. नेमक्या त्याच दिवसांत लातूरच्या दुकानात सोयाबीनच्या बॅगेचा भाव बदलतो, औशाच्या शाखेत मात्र जुन्याच भावानं बिल फाटतं आणि बोलणी खातो काउंटरवरचा पोरगा. आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे नवी यादी पेन ड्राइव्हमध्ये भरून उदगीरच्या गाडीनं जायची. काहींकडे व्हॉट्सअ‍ॅपवर. मग 'दर नवीन', 'दर नवीन २', 'दर फायनल' अशा फाइली साचतात आणि खरी कोणती ते मालकालाच विचारावं लागतं.

आम्ही बसवून देतो ती सोय अशी. मुख्य दुकानाच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर ठेवायचं. त्यात दरपत्रक, स्टॉकची यादी, बिलाचे नमुने. शाखेतला कॉम्प्युटर दर तासाला ते फोल्डर बघतो आणि बदललेल्या तेवढ्याच फाइली उतरवून घेतो. हे काम करते बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेली कामाची चिठ्ठी. त्यात रोबोकॉपी ही विंडोजमधलीच आज्ञा असते आणि वेळ सांभाळतो टास्क शेड्युलर, तोही विंडोजमधलाच. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं काम नाही.

मुख्य दुकानातून सगळीकडे फाइली ढकलणंही जमतं, पण आम्ही ते करत नाही. लातुरात लाईट असते तेव्हा निलंग्यात असेलच असं नाही. शाखेनं स्वतः ओढून घेतलं की मशीन चालू झाल्यावर चुकलेली फेरी लगेच भरून काढता येते. टास्क शेड्युलरमध्ये त्याची खूण करावी लागते, ती आम्ही करतो.

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण यात आमचाच हात पोळला आहे. रोबोकॉपीत 'मिरर' नावाची सोय आहे. मुख्य फोल्डरात जे आहे तेच शाखेत ठेवायचं, बाकी पुसायचं. एका शाखेतल्या मुनिमांनी उधारीची यादी त्याच फोल्डरात ठेवली होती. पुढच्या फेरीत ती गेली. रिसायकल बिनमध्येही सापडली नाही, कारण अशी पुसलेली फाइल तिथं जातच नाही. ती उधारी वहीवरून पुन्हा उतरवायला दोन दिवस गेले. तेव्हापासून आम्ही मिरर वापरत नाही; जुन्या फाइली महिन्यातून एकदा हातानं काढतो. तरीही शाखेतलं हे फोल्डर फक्त वाचायचं. स्वतःचं काही तिथं ठेवू नका.

दुसरी अडचण उघड्या फाइलीची. शाखेत दरपत्रक एक्सेलमध्ये उघडं ठेवून कुणी चहाला गेलं, तर त्यावर नवी फाइल बसत नाही. रोबोकॉपी थांबून पुन्हा प्रयत्न करते. किती वेळा? आपण काही सांगितलं नाही तर १० लाख वेळा, दर खेपेला ३० सेकंद थांबून. हिशोब करा, जवळजवळ वर्ष होतं! तोवर पुढच्या फेऱ्याही अडतात. म्हणून आम्ही ३ प्रयत्न आणि १० सेकंद असं लिहितो. दर फेरीची नोंद लॉग फाइलमध्ये पडते. शेवटी येणारा आकडा ८ पेक्षा कमी असेल तर काम झालं. ८ किंवा जास्त आला तर काहीतरी राहिलं, आम्हाला फोन करा. १ आकडा बघून घाबरू नका, त्याचा अर्थ नवीन फाइल आली एवढाच.

फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी आणि मधे जागा न सोडता ठेवा. देवनागरी नावांवर बॅच फाइल बऱ्याचदा अडखळते. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा या फोल्डरात टाकू नका, त्याचा बॅकअप वेगळा.

शाखा आणि मुख्य दुकान यांच्यामध्ये आम्ही व्हीपीएन टाकतो, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी पण फक्त आपल्या दुकानांपुरती बंद वाट. शेअर केलेलं फोल्डर थेट इंटरनेटवर उघडं ठेवा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तो विंडोजच्या याच फाइल शेअरिंगमधल्या फटीतून.

बसवायला येऊ तेव्हा प्रत्येक शाखेतला एक माणूस तासभर मोकळा ठेवा, आणि कॉम्प्युटरवरचं घड्याळ बरोबर आहे का ते आधी बघून घ्या. तारीख दर वेळी मागं जात असेल तर मदरबोर्डावरचा सेल संपलाय. तो आम्ही सोबत आणतो.