उपग्रह चित्रांवरून वणव्याच्या धुराचा माग

रानात वणवा कुठं लागलाय आणि त्याचा धूर कुठल्या गावांकडं सरकतोय हे उपग्रहाच्या चित्रांवरून काढायची ही पद्धत. बेळगाव सीमाभागात तिचा उपयोग मुख्यतः फेब्रुवारी ते मे, म्हणजे खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढा पट्ट्यात पालापाचोळा कुरकुरीत वाळलेला असतो तेव्हा.

आग आणि धूर उपग्रह वेगवेगळ्या रीतीनं बघतो. आग कळते उष्णतेवरून. सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ हे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड-दोनला आणि परत मध्यरात्रीनंतर जातात, त्यांना ३७५ मीटरच्या चौकटीत काही जास्त तापलेलं दिसलं की नासाच्या फर्म्स या आगी दाखवणाऱ्या नकाशावर लाल ठिपका येतो. हा ठिपका चौकटीचा मध्य असतो, आगीची नेमकी जागा नव्हे, तेव्हा तो कुणाच्या काजूच्या बागेत पडला म्हणून लगेच बागवाल्याशी भांडायला जाऊ नये. शिवाय दुपारी तीनला पेटून संध्याकाळी विझलेली आग यात येतच नाही, आणि झाडाखालचा नुसता पाला धुमसत असेल तर तीही बऱ्याचदा सुटते.

धूर मात्र साध्या रंगीत चित्रात डोळ्यांनीच ओळखायचा. ढग पांढराफेक, कडा ठसठशीत. धूर निळसर करडा, एका टोकाला निमुळता नि दाट, पुढं पसरत विरळ होत गेलेला. निमुळतं टोक आगीकडचं. तिथं लाल ठिपकाही असला तर जोडी जुळली म्हणायची.

खरी गंमत वाऱ्याची आहे. उन्हाळ्यात सकाळी पठारावरनं पूर्वेचा वारा असला तर धूर घाट उतरून गोव्याकडं जातो, आणि दुपारनंतर समुद्रावरचा वारा घाट चढून आला की तोच धूर खानापूर-बेळगावकडं वळतो, त्यामुळं दुपारचं एकच चित्र बघून संध्याकाळचा अंदाज बांधला की फसगत ठरलेली. इथं इन्सॅट-३डीआर हा भारताचा हवामान उपग्रह कामाला येतो. तो विषुववृत्तावर जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळजवळ बेळगावच्याच रेषेत, जागच्या जागी असतो आणि साधारण अर्ध्या तासाला चित्र देतो. चित्र भरड असतं, दृश्य प्रकाशात १ किलोमीटरचं, पण एकामागून एक लावली की लोट सरकताना दिसतो. अंधार पडला की दृश्य चित्र बंद.

दुसरा घोळ उसाचा. फेब्रुवारी-मार्चात चिकोडी, हुक्केरी, अथणीकडं तोडणी झालेल्या फडातलं पाचट पेटवतात, तेही ठिपके नकाशावर उमटतात. ते सुटे असतात नि दुसऱ्या दिवशी तिथं नसतात. वणव्याचे ठिपके ओळीनं डोंगराच्या उतारावरनं रोज पुढं सरकतात. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य पेटलं, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनी पाणी टाकलं. ते रान आपल्या भीमगड अभयारण्याला लागूनच, म्हणून सीमेपलीकडचे ठिपकेही इथल्यांनी बघायला पाहिजेत.

उपग्रह वरून बघतो, म्हणून चित्रात बेळगाववर धूर दिसला म्हणजे तो लोकांच्या नाकात गेलाच असं नाही, तो दोन-तीन किलोमीटर वरूनही जात असतो. कॅलिप्सो हा लेसरवाला उपग्रह २००६ पासून धुराच्या थराची उंची मोजायचा, तो २०२३ मध्ये थांबला. आता जमिनीवरच्या हवामापक यंत्राचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा, आकडा चित्राशेजारी ठेवून बघायचा, धूर दिसतोय आणि आकडाही चढलाय तरच तो खाली उतरला असं धरायचं.